देशी चित्रकथा आणि फुग्यातील मराठी

मराठी वाचक कोणत्या चित्रकथेस आपली म्हणतो, आणि तसे म्हणताना त्याच्या मनापुढे नेमके काय असते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटण्यासारखा आहे. नायक भारतीय असला, कथेतील गावे-नद्या ओळखीच्या असल्या आणि चित्रकाराचे नाव मराठी असले, म्हणजे चित्रकथा देशी झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या साठ वर्षांत भारतीय चित्रकथेची जी जी नवी लाट आली, तिचे स्वागत वाचकांनी याच समजुतीने आणि मोठ्या उत्साहाने केले. तो उत्साह खोटा नव्हता. किंबहुना त्याच्याच बळावर या व्यवसायाने बाळसे धरले. परंतु चित्रकथा ही केवळ पाहावयाची वस्तू नव्हे, ती वाचावयाचीही असते. तिच्यातील पात्रे बोलतात, आणि त्यांचे बोलणे तोंडाजवळ काढलेल्या एका लहानशा पांढऱ्या फुग्यात बसवलेले असते. त्या फुग्यातील भाषा कोणाची, हे उत्साही वाचकाने फारसे विचारलेले नाही, आणि अभ्यासकांनी तर त्याहूनही कमी. चित्रकथेच्या देशीपणाचा इतिहास या फुग्याच्या अंगाने पाहिला, तर तो रूढ इतिहासापेक्षा बराच निराळा दिसतो.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात हा विषय निघाला की पहिला हवाला वेरूळ-अजिंठ्याचा दिला जातो, आणि तो अगदीच अस्थानी नाही. वेरूळच्या कैलास मंदिरात मंडपाच्या दक्षिण अंगास रामायण आणि उत्तर अंगास महाभारत एकाखाली एक अशा आडव्या पट्ट्यांत कोरलेले आहे. पाहणाऱ्याची दृष्टी पट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकते आणि मग पुढील पट्टीवर जाते. पान वाचण्याची क्रिया याहून फार वेगळी नसते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकातील तेच राजपुत्र, तीच राजस्त्री पुनःपुन्हा निरनिराळ्या प्रसंगांत भेटतात आणि भिंतीवरील एका स्तंभाने किंवा दाराने दोन प्रसंगांमधील काळ तोडलेला असतो. डीटर श्लिंगलॉफ, विद्या दहेजिया इत्यादी विद्वानांनी या चित्रकथनाच्या पद्धतींचा जो अभ्यास केला आहे, तो चित्रकथेच्या अभ्यासकाने वाचावा असा आहे. मात्र भाषेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे लेणे ते नव्हे. ते २ क्रमांकाचे आहे. तेथे आर्यशूराच्या जातकमालेतील श्लोक रंगाने लिहिलेले आढळतात, आणि हाइन्रिश ल्यूडर्स यांनी ते विसाव्या शतकाच्या प्रारंभीच ओळखून दाखवले. म्हणजे चित्राशेजारी अक्षर ठेवण्याची कल्पना या डोंगरांत पंधराशे वर्षांपूर्वी परिचित होती. पण ते अक्षर कोणाचे आहे, हे पाहिले पाहिजे. तो श्लोक कवीचा आहे. भिंतीवरील क्षांतिवादी ऋषीच्या तोंडून निघालेला उद्गार म्हणून तो तेथे नाही. चित्र आणि काव्य शेजारी आहेत. चित्रातील माणूस मात्र मुका आहे.

हीच गोष्ट पैठणच्या पानांना लागू पडते. 'पैठणी चित्रे' या नावाने ओळखला जाणारा, प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील चित्रांचा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. आना दालापिक्कोला यांनी १९८० मध्ये त्यावर जर्मन भाषेत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चित्रांना पैठणचे नाव मिळाले ते ती तेथे सापडल्यामुळे. शैलीने ती सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथींच्या पानांशी आणि कातडी बाहुल्यांच्या खेळाशी नाते सांगतात. मोठे डोळे, एका बाजूने दाखवलेले चेहरे, ताणलेले देह, आणि युद्धप्रसंग असेल तर बाणांचे अक्षरशः जाळे. पिंगुळीचा ठाकर कथेकरी अशी सुटी पाने एकामागून एक हाती धरतो, गातो, आणि प्रसंग संपला की पान बदलतो. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाल्यामुळे ही कला वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली. या पानांवर संवाद नसतो, कारण त्याची गरजच नसते. राम, रावण, मंदोदरी या सर्वांचे बोलणे एकाच मुखातून, कथेकऱ्याच्या मुखातून येते, आणि तो ते प्रेक्षकांच्या बोलीत सांगतो. गाव बदलले की बोलीचा रंग बदलतो. पान तेच राहते.

तेव्हा अजिंठा ते आजची चित्रकथा अशी अखंड परंपरा सांगण्याची जी हौस अलीकडे दिसते, तिला आवर घालणेच इष्ट. मध्ये मोठे खंड आहेत, आणि आजच्या चित्रकाराने पानाची चौकट आणि संवादाचा फुगा ही दोन्ही साधने पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून घेतली आहेत, यात शंका नाही. जुन्या परंपरेचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. तिच्यात शब्द चित्राबाहेर, एका जिवंत माणसाच्या तोंडी होता, म्हणून तो नेहमी स्थानिक होता. फुग्याने शब्द चित्राच्या आत आणला आणि छापून कायम केला. तेथपासून चित्रकथेला भाषेचा प्रश्न पडला.

मराठीत हा प्रश्न प्रथम एका नावाच्या रूपाने आला. १९६४ च्या मार्चमध्ये बेनेट, कोलमन या कंपनीने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ली फॉक यांचा १९३६ सालचा अमेरिकन नायक 'फँटम' हा त्याचा पहिला नायक, आणि मराठी आवृत्तीत तो 'वेताळ' झाला. बंगालीत त्यालाच 'अरण्यदेव' म्हटले गेले. अनुवादकाचे हे काम सामान्य समजू नये. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० ची. म्हणजे मराठी मुद्रित गद्याच्या बाल्यापासून हे नाव वाचकाच्या ओळखीचे. 'चांदोबा' मासिकाच्या वाचकांपुढे तर चित्रकार शंकर यांचा विक्रमराजा खांद्यावर प्रेत टाकून दरमहा चालतच होता. शिवाय कोकण-गोव्यात वेताळ हा केवळ कथेतला नाही, तो ग्रामरक्षक देव आहे. आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरून राखण करतो अशी श्रद्धा आहे. ली फॉक यांचा नायक 'चालते भूत' म्हणून प्रसिद्ध होता. तोही जंगलाची राखण करी. ज्याने कोणी 'वेताळ' हा शब्द सुचवला, त्याला आरवलीच्या चपलांची आठवण होती की नाही हे महत्त्वाचे नाही. शब्द आधीपासूनच चालत होता. परका नायक नावापुरता मराठी झाला, आणि वाचकाने त्याला लगेच घरात घेतले. त्याच मालिकेत प्रकाशकांनी आणखीही काही डागडुजी केली: वेताळाच्या जंगलाचा देश 'डेंकाली' झाला, आणि चाच्यांच्या टोळीचे 'सिंग' हे नाव भारतीय वाचकाला खटकेल म्हणून 'सिंगा' असे बदलले गेले. नावे बदलून देशी होण्याचा हा प्रकार होता, आणि तो बऱ्याच अंशी यशस्वी झाला.

मूळ परके असणे हा काही दोष नव्हे, हेही येथे नोंदवले पाहिजे. छत्रे यांचे 'बाळमित्र' हे फ्रेंच लेखक बेर्कँ यांच्या पुस्तकावरून इंग्रजीमार्गे आले, आणि तरीही मराठी बालवाङ्मयाचा इतिहास त्याच्यापासून सुरू करावा लागतो. 'चांदोबा' १९५२ मध्ये मराठीत आला तो मद्रासहून. नागी रेड्डी व चक्रपाणी यांचे मूळ तेलुगू-तमिळ मासिक १९४७ चे, आणि मराठी अंकही तेथेच सिद्ध होत असे. तरी महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना तो परका वाटला नाही. कारण उघड आहे. गद्याच्या अनुवादकास पान मोकळे असते. वाक्य लांबवावे, मोडावे, दोनाचे एक करावे, म्हण घालावी, हे सर्व स्वातंत्र्य त्याला आहे. चित्रकथेच्या अनुवादकास ते नाही. त्याला फुगा मोजून मिळतो.

हा मोजका फुगा मराठी वाचकाच्या वाट्याला मोठ्या प्रमाणावर आला तो 'अमर चित्र कथे'मुळे. तिचा जन्म सुपरिचित आहे. १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातले उत्तर आले आणि रामाच्या आईचे नाव आले नाही, हे अनंत पै यांनी पाहिले. पै टाइम्स समूहात असताना इंद्रजालच्या उभारणीशी संबंधित होते, म्हणजे परक्या चित्रकथेचे बळ त्यांना आतून ठाऊक होते. इंडिया बुक हाऊसच्या साहाय्याने त्यांनी मालिका काढली. आरंभीच्या अंकांत पाश्चात्त्य परीकथा होत्या. भारतीय कथांची सुरुवात ११ व्या क्रमांकाच्या 'कृष्ण' या अंकाने झाली, आणि त्याची चित्रे राम वाईरकर यांची. पुढे प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी मराठी चित्रकारांची एक फळीच या मालिकेत उभी राहिली. मुळीकांचे घर पुण्यात. त्यांनीच पुढे 'राज कॉमिक्स'च्या हिंदी 'नागराज'ला १९८६ पासून रूप दिले. शिवाजी, तानाजी, तुकाराम यांचे अंक आले. १९७९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांवरील अंक निघाला, त्याची रेषा कदमांची. विषय भारतीय, हात मराठी. वाचकाचा उत्साह या वेळी केवळ नावावर अवलंबून नव्हता, आणि तो सार्थ होता, असेच म्हटले पाहिजे.

या मालिकेवर टीका झाली आहे, ती मुख्यतः आशयाची. नंदिनी चंद्रा (२००८) आणि कार्लिन मॅक्लेन (२००९) यांचे ग्रंथ या संदर्भात मूलभूत आहेत: राक्षस सावळे का, स्त्रिया एकाच साच्यातल्या का, इतिहास कोणाच्या बाजूने सांगितला, हे प्रश्न त्यांत आले आहेत. भाषेचा प्रश्न त्यांत स्वाभाविकच गौण राहिला, कारण हे अभ्यास इंग्रजी अंकांच्या आधारे झाले. मराठी वाचकाच्या हाती पडलेला अंक मात्र इंग्रजी संहितेवरून उतरलेला होता. छपाईचे अर्थशास्त्रच असे होते की रंगांची पाने सर्व भाषांना सामाईक ठेवावीत आणि अक्षरे तेवढी बदलावीत. चित्र मराठी माणसाने काढले, पण फुगा इंग्रजी वाक्याच्या मापाने काढला.

त्याचे परिणाम कोणते, हे जरा तपशिलाने पाहण्यासारखे आहे. पहिला परिणाम केवळ लिपीचा. इंग्रजी चित्रकथेतील अक्षरे बहुधा सर्व मोठी असतात. ती एका उंचीची, दोन ओळींत फारसे अंतर न मागणारी. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीच्या चार ओळींच्या जागेत मराठीच्या तीन बसतात. अशाने अक्षर बारीक करावे लागते किंवा वाक्य कापावे लागते. दुसरे, मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात. 'किल्ल्यावरच्यांना' हा एक शब्द अरुंद फुग्याची सबंध ओळ खातो आणि तो मधेच तोडला तर डोळ्यांना खुपतो. तिसरे, आरडाओरडा दाखवण्यासाठी आपल्या लिपीत मोठ्या लिपीचे अक्षरच नाही. तेव्हा मराठी अक्षरलेखकांनी जाड अक्षर वापरले, आणि स्वर लांबवण्यासाठी अवग्रह हाताशी घेतला: 'थांबाऽऽ', 'अरेऽऽ'. संस्कृत संधीतील लुप्त अकार दाखवणारे चिन्ह किंकाळी मोजण्याच्या कामी आले. पाणिनीच्या टीकाकारांना हे रुचले नसते, पण चिन्हाने काम चोख केले.

व्याकरणाचे परिणाम याहून खोल आहेत. इंग्रजीत मध्यम पुरुषाला एकच सर्वनाम; मराठीला तू, तुम्ही, आपण यांतून निवड करावीच लागते, आणि निवड केली की क्रियापदही तिला बांधले जाते. आई आणि मुलगा यांच्यात 'तू', वडिलांशी जुन्या घरात 'तुम्ही', दरबारात 'आपण', रागावलेल्या सरदाराच्या तोंडी पुन्हा 'तू'. हा सर्व सामाजिक तपशील इंग्रजी फुग्यात नसतो. तो अनुवादकाला चित्राकडे पाहून ठरवावा लागतो. चांगल्या अनुवादकाने येथे मूळ संहितेपेक्षा अधिक सांगितले असेल, हे मान्य केले पाहिजे. लिंगाची अडचण आणखी मौजेची आहे. मुखवटा घातलेले पात्र पुरुष की स्त्री हे वाचकापासून लपवावयाचे असेल, तर इंग्रजीत 'मी' बोलला काय किंवा बोलली काय, काहीच कळत नाही. मराठीत 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हणताच रहस्य फुटते. मात्र सकर्मक क्रियापद भूतकाळी असेल तर ते कर्माकडे झुकते, आणि 'मी चावी घेतली' या वाक्यात बोलणारा झाकलेला राहतो. रहस्यकथेच्या अनुवादकाला कर्मणी प्रयोग असा आडोशाला मिळतो, आणि 'मला यावे लागले' यासारखी वाक्येही त्याच आडोशाची. व्याकरण शिकवणाऱ्याने हे उदाहरण वर्गात वापरून पाहावे.

पण ज्या ठिकाणी मराठी फुगा स्पष्टपणे अपुरा पडला, ते ठिकाण बोली आणि ग्रांथिक भाषा यांच्या सीमेवरचे आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे, आणि त्यांत १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. 'केलं', 'असं', 'गेलं' ही बोलण्यातील रूपे अनुस्वार देऊन लिहिण्यास त्यांत मुभा आहे. ललित लेखनात, विशेषतः संवादात, ही रूपे त्याआधीपासूनच रुळलेली होती. अनुवादित चित्रकथेत मात्र पात्रे पुष्कळदा 'मी ते पाहिले आहे', 'तो पळून गेला आहे' अशी पाठ्यपुस्तकी बोलतात. येथे मोजक्या फुग्याची सबबही टिकत नाही. मराठीत क्रियापदावरूनच कर्ता कळतो, 'पळाला!' एवढ्यात सर्व काम भागते आणि फुग्यात जागा उरते. इंग्रजी वाक्याच्या रचनेला घाबरून भाषेने आपले स्वतःचे काटकसरीचे साधन बाजूला ठेवले. ध्वनिवाचक शब्दांचेही तेच. 'धाडकन', 'खाडकन', 'सपकन', 'धप्पदिशी' असे क्रियाविशेषणांचे भांडार मराठीइतके क्वचितच कोठे असेल. पण ही रूपे क्रियापद मागतात, नुसती उभी राहत नाहीत. चित्राच्या मधोमध उभा राहणारा आवाज हवा, तर प्रत्यय तोडून 'धाड!' करावे लागते. काही अंकांत ते केले गेले, काहींत इंग्रजी आवाजच देवनागरीत उतरवला गेला, आणि दार मराठीत वाजावयाचे राहिले.

वाचक या व्यवहारात केवळ ग्राहक नव्हता, हे 'टिंकल'ने दाखवले. १९८० मध्ये सुरू झालेल्या या नियतकालिकाने वाचकांकडून कथा मागवल्या. सुपंडी हा त्याचा सर्वांत लोकप्रिय नायक तामिळनाडूतील त्रिचीच्या एका वाचकाने पाठवलेल्या कथांतून १९८३ मध्ये आला, आणि त्याला चेहरा दिला तो पुन्हा राम वाईरकर यांनी. तमिळ लोककथेचा गडी, इंग्रजी संहिता, मराठी रेषा. आधी, १९७६ मध्ये, इंद्रजालनेही आबिद सुरती यांचा 'बहादूर' आणला होता; गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला भगवा कुडता आणि जीन्स घातली. दिल्लीच्या 'मिलाप'मध्ये १९६० साली 'डब्बू'पासून सुरुवात करणाऱ्या प्राण यांचे 'चाचा चौधरी' १९७१ चे. हिंदीला आपल्या रोजच्या बोलीतला नायक त्यांच्यामुळे मिळाला, हे मराठीच्या तुलनेत लक्षणीय आहे.

मराठीला तो २१ नोव्हेंबर १९९१ रोजी मिळाला. त्या दिवशी 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' सुरू झाला. ही वृत्तपत्रातील व्यंगचित्रमाला आहे, साहसकथा नव्हे. तिच्यात पंतोजीचे काही नाही आणि पराक्रमाचेही नाही. आई, पप्पा, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू. परंतु भाषेच्या दृष्टीने तिचे स्थान कोणत्याही पौराणिक अंकाहून वरचे आहे, कारण येथे फुगा प्रथमच मराठी वाक्याच्या मापाने काढला गेला. विनोद शब्दाच्या शेवटी येतो आणि शब्द फुग्याच्या शेवटी. इंग्रजी मूळ नसल्यामुळे त्याला कोठेही मुरड घालावी लागत नाही. वाचकाने तिच्यावर प्रेम केले ते नायक भारतीय आहे म्हणून नव्हे. तो भारतीय आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नसेल. देशीपणाचा पुकारा करावा लागत नाही, ही अवस्था चित्रकथेत मराठीने येथे गाठली. अर्थात ती मराठी पुण्याची. मराठवाड्यातला मुलगा सकाळी पेपर उघडून चिंटूला हसतो आणि मित्राला 'काय करायलास?' असे विचारतो. 'करायलो', 'जायलो', 'जेवायलो' हा चालू वर्तमानाचा अस्सल मराठवाडी थाट छापील फुग्यात सहसा दिसत नाही. पैठणची पाने दाखवणाऱ्या कथेकऱ्याला ही अडचण नव्हती.

एकविसाव्या शतकातील नव्या देशी चित्रकथेविषयीचा उत्साह या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. नर्मदा आंदोलनावरील ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ चे, तेव्हा फार थोड्यांनी पाहिलेले, आणि २०२२ मध्ये पुन्हा छापले गेलेले. त्यात मलगू गायन हा गाणारा कथेकरी परत येतो, ही गोष्ट चित्रकथीच्या अभ्यासकाला सुखावणारी आहे. सारनाथ बॅनर्जी यांचे 'कॉरिडॉर' २००४ मध्ये, मुंबईत घडणारे अमृता पाटील यांचे 'कारी' २००८ मध्ये आले. २०११ मध्ये दिल्लीत कॉमिक कॉन भरू लागले आणि पुढे मुंबईतही. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, अभिजित किणी यांची 'अँग्री मावशी' अवतरली. या नावात सर्व परिस्थिती सामावली आहे. 'मावशी' हे नाते इंग्रजीत नाही, म्हणून ते तसेच ठेवले; तिचा राग मात्र इंग्रजीत आहे, आणि ती बोलतेही प्रामुख्याने इंग्रजीत. पन्नास वर्षांपूर्वी परक्या नायकाला मराठी नाव मिळाले होते. आता मराठी नायिकेला परके विशेषण मिळाले. विषय, परिसर, चित्रकार, नायिका हे सर्व आपले असताना फुग्यातून मराठी जवळजवळ निघून गेली, आणि उत्साही वाचकाला हे जाणवलेही नाही. इतिहासकाराने जी गोष्ट नोंदवावयाची ती हीच.

या लाटेतील सर्वांत थोर पुस्तक २०११ चे 'भीमायन'. श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे शब्द, आणि दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची चित्रे. त्याच वर्षी नटराजन व अपराजिता निनान यांनी जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'लाही चित्ररूप दिले. दोन्ही विषय महाराष्ट्राचे, दोन्ही पुस्तके दिल्लीच्या नवयान प्रकाशनाची, दोन्हींची मूळ भाषा इंग्रजी. व्याम दांपत्याने माणसांना चौकटींत कोंडण्याचे नाकारले. पाने डिगना या गोंड नक्षीने विभागली. आणि फुगा तर त्यांनी नव्याने घडवला. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, जातीचे विष असलेले बोलणे विंचवाच्या नांगीचे शेपूट घेऊन येते, मनातल्या विचाराला डोळा असतो. चित्रकथेच्या इतिहासात उच्चाराच्या हेतूला एवढा दृश्य आकार क्वचितच कोणी दिला असेल. भाषाविज्ञानात ज्याला उक्तिकृती म्हणतात, ती येथे रेषेने काढली आहे.

'भीमायन'चा आधार म्हणजे बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणांतील प्रसंग, आणि त्यांतील एक या जिल्ह्यातला आहे. १९३४ मध्ये बाबासाहेब व त्यांचे सहकारी, सुमारे तीस माणसे, वेरूळ पाहावयास निघाली असता दौलताबादच्या किल्ल्यावर आली. रमजानचा महिना होता. दरवाजाबाहेरच्या काठोकाठ भरलेल्या लहानशा टाक्यात त्यांनी धुळीने माखलेले हातपाय-तोंड धुतले आणि ती आत गेली. इतक्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध, जातिवाचक शब्द उच्चारून यांनी तळे बाटवले असे ओरडत, मागून धावत आला. जमाव जमला, हमरीतुमरी झाली. एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या तळ्याचे पाणी घेऊ देणार नाही काय, या बाबासाहेबांच्या प्रश्नावर जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कोठे पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून शस्त्रधारी शिपाई बरोबर दिला. सोळा वर्षांनी, १९५० मध्ये, याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने किल्ल्यापासून काही कोसांवर, औरंगाबादेत, मिलिंद महाविद्यालय काढले.

हा प्रसंग बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिला, आणि चित्रकथेतही तो प्रथम इंग्रजीतच आला. पण तो घडला कोणत्या भाषेत? निजामाच्या राज्यातील दौलताबादचा तो वृद्ध बहुधा दखनीत ओरडला असणार. गोळा झालेल्या लोकांत मराठी बोलणारेही असतील. पाहुणे आपसांत मराठी बोलत होते. विंचवाच्या नांगीचा फुगा त्या दखनी वाक्याला मिळाला, तर त्यात 'तुम' येईल की 'तू'? बाबासाहेबांनी जमावाला विचारलेल्या प्रश्नात, चिडूनही, 'तुम' राहिले असेल की 'आप'? इंग्रजी पानाला हे ठरवावे लागले नाही. दौलताबादच्या दरवाजाचे पान मराठीत काढणाऱ्या चित्रकाराला आणि लेखकाला ते पहिल्याच फुग्यात ठरवावे लागेल, आणि त्यासाठी त्याला आधी किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊन तेथली माणसे आजही एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकावे लागेल.